मिटल्या डोळ्यांचा जिना

जिना बांधून झाला की मिस्त्री पायथ्याशी उभे राहायचे, चपला काढायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि डोळे मिटून चढायला लागायचे. कठड्याला हात लावायचा नाही. घराचा मालक कौतुकाने बघत राही, मालकीण काळजीने. वर पोचले की मिस्त्री वळायचे आणि तसेच, मिटल्या डोळ्यांनी, खाली यायचे. एखाद्या पायरीवर पाय किंचित जरी थबकला, तरी तिथे खडूची फुली पडायची. दुसऱ्या दिवशी ती पायरी उखडली जायची. मालक म्हणे, अहो राहू द्या, आम्हाला काही फरक कळत नाही. मिस्त्री म्हणत, "तुम्हाला नाही कळणार. तुमच्या पायाला कळेल."

त्यांचं म्हणणं असं, की डोळे चुका पोटात घालतात, पाय घालत नाहीत. पहिल्या एक-दोन पायऱ्यांवर पाय जिना शिकतो आणि पुढे नुसत्या विश्वासावर पडत जातो. त्या विश्वासाला एका पायरीने दगा दिला की माणूस आडवा.

हे खूळ त्यांनी आईकडून घेतलं होतं. त्यांची आई लोकांचे कपडे धुवायची. ओल्या कपड्यांचा ढीग हनुवटीपर्यंत उचलून ती एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर न्यायची. ढिगाखालचे स्वतःचे पाय तिला दिसत नसत. त्या जिन्यात कुणा सुताराने एक पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच ठेवली होती. त्या पायरीने आईला एकदा खाली आणलं, आणि उरलेलं आयुष्य ती एका पायाने लंगडत राहिली. मिस्त्री तेव्हा लहान होते. पुढे सुतारकाम शिकले, खाटा केल्या, कपाटं केली, दारं केली आणि एके दिवशी ते सगळं सोडून फक्त जिने करायला लागले. "कपाट बिघडलं तर दार अडकतं, लोक शिव्या देतात. जिना बिघडला तर शिव्या द्यायलाही माणूस उरत नाही," असं ते सांगत.

त्यांचा कारखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता. एकच लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, तिच्यातून येणाऱ्या उजेडात भुसा सतत तरंगत असायचा, खाली बसायला त्याला जणू फुरसतच नसायची. भिंतींना टेकून अर्धवट जिने उभे असत. वर छत. पायऱ्या मात्र मन लावून चढत निघालेल्या, कुठेही न जाण्यासाठी. संध्याकाळी दार लोटून घेतलं, की त्या काळोखात ते जिने काय करत असतील, असं कुणाच्याही मनात येईल. मिस्त्रींच्या येत नसे. ते कुलूप ओढून बघायचे, पुन्हा एकदा ओढून बघायचे आणि घरी जायचे. घर कारखान्याच्या मागेच होतं, तळमजल्यावर.

कारखान्यात तिघं. मिस्त्री, त्यांची धाकटी मुलगी आणि नेमबाज. नेमबाज हे मिस्त्रींच्या उमेदवारीच्या काळापासूनचे सोबती. फळी सरळ आहे का ते बघायला ती एका टोकाने गालाशी धरून एक डोळा मिटायची त्यांची रीत, म्हणून हे नाव. धाकटीने चाळिशी ओलांडली होती. थोरला भाऊ कचेरीत चिकटून दुसऱ्या शहरात गेला. ही शाळेतून आली की दप्तर टाकून कारखान्यात यायची, ती तिथेच राहिली. रंधा ती बापासारखाच मारायची, न थांबता, लांब, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच साल काढत. पण मिटल्या डोळ्यांनी जिना चढणं हे बापाचं. ते तिने कधी मागितलं नाही आणि त्यांनी कधी देऊ केलं नाही.

गेल्याच्या मागच्या वर्षी ते तिला मिळालं. दोन निवृत्त शिक्षिका बहिणींच्या घरचा गोल वळणाचा जिना होता. मिस्त्री नेहमीप्रमाणे पायथ्याशी उभे राहिले. चपला काढल्या. डोळे मिटले. मग ते उघडले, आणि बाजूला होऊन म्हणाले, "आज तू चढ."

नेमबाजांच्या हातातली पटाशी तशीच राहिली. धाकटीने बापाकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तिने चपला काढल्या आणि ती चढली. वर जाऊन, खाली येऊन, "एकही नाही," एवढं म्हणाली आणि तोंड फिरवून कठडा पुसायला लागली. कठडा स्वच्छच होता.

"राजाने जिवंतपणी गादी सोडली," नेमबाज संध्याकाळी गल्लीत म्हणाले. "बघा रे, शिका काहीतरी."

आम्ही खरंच शिकलो. गल्लीत ती गोष्ट घरोघरी झाली. हातात अजून बळ असताना हात काढून घेणारा माणूस कुठे बघायला मिळतो? आपल्याकडे म्हातारी माणसं किल्ल्या कमरेला बांधूनच झोपतात. सुनांनी सासऱ्यांना ती गोष्ट ऐकवली, मुलांनी बापांना. मिस्त्रींना कुणी तोंडावर काही म्हटलं, तर ते रंध्यात अडकलेली साल काढत बसायचे.

त्या दोन वर्षांत त्यांचे जिनेही बदलले. पायऱ्या बुटक्या झाल्या, रुंद झाल्या. जिना वळतो तिथल्या टप्प्यावर त्यांनी भिंतीत एक छोटा बाक बसवायला सुरुवात केली. एक माणूस बसेल एवढाच, कडा गोल केलेला. वयस्कर गिऱ्हाइकं त्या बाकावर बेहद्द खूश होती. "मिस्त्रींना माणसाचं वय कळतं," असं ती एकमेकांना सांगत, आणि कामं वाढत गेली. मिस्त्रींची स्वतःची चालही निवांत झाली होती. गल्लीतून जाता-येता ते प्रत्येक दुकानापाशी थांबायचे, दाराच्या चौकटीवर हात फिरवायचे, मालकाशी दोन शब्द बोलायचे. नेमबाज म्हणायचे, "हा रोज गल्लीतल्या सगळ्या चौकटींची विचारपूस करतो. एखादी रुसली तर?"

मग मिस्त्रींच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

"मला डोळ्यांचं काय करायचंय? माझं काम मिटूनच चालतं," असं दोन महिने म्हणून झाल्यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेआधी रीतीप्रमाणे छातीला नळी लावली, आणि ती तिथेच राहिली. पुन्हा वर, पुन्हा उजवीकडे, मग मानेपाशी. "आधी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, डोळ्यांचं नंतर बघू," ते म्हणाले.

"डोळ्यांसाठी गेलो आणि काळीज सापडलं," मिस्त्रींनी गल्लीत सांगितलं. "बरं झालं. ही गेली पन्नास वर्षं म्हणत होती, मला ते नाहीच."

हृदयाच्या डॉक्टरबाई मोठ्या रुग्णालयात तिसऱ्या मजल्यावर बसत. मिस्त्रींचं लिफ्टबद्दलचं मत जगजाहीर होतं: माणसाला कपाटात घालून वर पाठवायचं, याला काय चढणं म्हणतात? पण त्या दिवशी ते काही न बोलता लिफ्टसमोर जाऊन उभे राहिले. "आज कपाटात बसून बघू," म्हणाले. काकू हसल्या. धाकटीही हसली.

तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी कागदावर एक गोल काढला आणि त्यात तीन पाकळ्या.

"हृदयातून रक्त शरीरात जातं, त्या तोंडाशी ही झडप असते. प्रत्येक ठोक्याला उघडते, मिटते. वय वाढलं की काहींच्या झडपेवर कॅल्शियम साचतं आणि पाकळ्या ताठ होतात. तुमची झडप उघडायला हवी त्याच्या जेमतेम पाव उघडते. हृदय तेवढ्या फटीतून सगळं रक्त रेटतंय."

काकूंचा चेहरा उतरला. "कॅल्शियम? अहो, मी यांना रोज रात्री बळजबरीने दूध पाजते. त्याने तर नाही ना झालं?"

"नाही हो काकू. दुधाचा काही दोष नाही."

"बघ, दूध सुटलं निर्दोष," मिस्त्री म्हणाले. "मीच अडकलो."

डॉक्टरबाई हसल्या, पण पेन खाली ठेवलं नाही. "चढताना दम लागतो?"

"नाही."

"छातीत दडपल्यासारखं? चक्कर? कधी भोवळ येऊन पडलात?"

"जिनेवाला पडला तर धंदा बसेल, डॉक्टरबाई."

धाकटी मध्येच म्हणाली, "बाबा दिवसभर उभे असतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम करतात."

"काय करतात ते नका सांगू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काय करायचं सोडलं, ते सांगा. या आजारात माणसं नकळत आपलं जग लहान करत जातात. मग त्या लहान जगात त्यांना कसलाच त्रास होत नाही."

"बाबांनी काहीही सोडलेलं नाही," धाकटी ताठ मानेने म्हणाली. काकूंनी मान डोलावली. मिस्त्री त्या कागदावरच्या पाकळ्यांकडे बघत होते.

डॉक्टरबाईंनी मग सरळ सांगितलं. झडप अरुंद आहे, पण त्रास नसेल तर लक्ष ठेवून थांबता येतं. पुढच्या खेपेला यंत्रावर चालवून बघू. मात्र त्रास सुरू झाला की गोष्ट बदलते. दम, छातीत दुखणं, भोवळ, यातलं काहीही सुरू झाल्यावर जी माणसं काही न करता बसतात, त्यांतली साधारण निम्मी दोन वर्षांत राहत नाहीत. ही झडप उघडेल असं औषध नाही. ती बदलावीच लागते. "म्हणून जरा जरी काही वाटलं, तरी त्याच दिवशी यायचं."

घरी येईपर्यंत काळजीची बातमी आनंदाची झाली होती. त्रास नाही! एवढं सगळं असून त्रास नाही! गल्लीने मिस्त्रींच्या प्रकृतीलाही त्यांच्या जिन्यांसारखंच प्रमाणपत्र देऊन टाकलं.

पंधरवड्याने एका जुन्या इमारतीतून निरोप आला. मिस्त्रींनी ऐन उमेदीत केलेला जिना, कठडा हलत होता. मिस्त्री म्हणाले, तुम्ही दोघं जा. धाकटी आणि नेमबाज गेले.

काळवंडलेला, उभा, सुंदर जिना होता. इतक्या वर्षांच्या पावलांनी पायऱ्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या, पण एकही करकरत नव्हती. सवयीने धाकटीने चपला काढल्या, डोळे मिटले आणि ती चढू लागली. एकही पायरी चुकीची नव्हती. पण तिच्या मांड्या चकित झाल्या. पायरी येत होती ती अपेक्षेपेक्षा वर, दरवेळी थोडी वर, आणि जिना वळला तिथे पाय बाकाशेजारची जागा शोधत राहिला. बाक नव्हता. वर पोचली तेव्हा ती धापा टाकत होती.

"काय गं, दमलीस?" नेमबाज खालून ओरडले. "तुझा बाप खांद्यावर फळी घेऊन हा जिना चढायचा. वर शीळ घालायचा!"

ती वरच्या पायरीवर बसली. खालच्या अर्धवट उजेडात नेमबाजांचा चेहरा वर वळलेला होता.

"काका, बाबांना जिना चढताना तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?"

नेमबाजांनी सवयीने एक डोळा मिटला.

"वर काही बघायचं असलं की तो मलाच पाठवतो," ते म्हणाले.

"का?"

"मला वाटलं, मालक झालाय."

धाकटीला ती लिफ्ट आठवली. दुकानादुकानापाशी थांबणं आठवलं. चौकटींची विचारपूस. बुटकी होत गेलेली पायरी. तो बाक. आणि गोल वळणाच्या जिन्यापाशी खिडकीबाहेर बघत उभा असलेला बाप. जे तिने आयुष्यातला सगळ्यात मोठा मान म्हणून जपून ठेवलं होतं, ते तिला कुणी दिलं नव्हतं. ते एका थकलेल्या हातातून गळालं होतं, आणि खाली ती उभी होती. एवढंच.

आणि त्याच्याही खाली आणखी एक पायरी होती, काळोखातली. डॉक्टरबाईंची ती दोन वर्षं. ती कधीपासून मोजायची?

कठडा तसाच टाकून ती परत आली. हे सगळं तिनेच पुढे काकूंना सांगितलं, काकूंनी आम्हाला. वाटेत तिच्या मनात एकदा आलं, की गप्प राहावं. पुढची तपासणी होईलच. यंत्र काय ते सांगेल. तोवर निदान तो मान तरी आपला राहील. हा विचार गल्लीच्या वळणापर्यंत टिकला.

मिस्त्री रंधा मारत होते. आता तिच्या लक्षात आलं, की ते अर्ध्या फळीवर थांबतात, साल उचलून उजेडात धरतात, बघतात, मग पुढे जातात. ते बारकाईने काम बघतात असं ती इतके दिवस समजत होती.

"बाबा, चला. समोरच्या इमारतीचा जिना चढून दाखवा. डोळे उघडे ठेवून चालेल."

"काम पडलंय."

"त्या दिवशी मला का चढवलंत?"

"तू तयार झाली होतीस म्हणून."

"आणि तुम्ही?"

मिस्त्रींनी रंधा कुशीवर ठेवला. स्टुलावर बसले. नेमबाज उगाचच करवतीला धार लावायला लागले.

"लाख वेळा मिटले असतील डोळे," मिस्त्री म्हणाले. "मिटलेल्या डोळ्यांतला अंधार लाल असतो. उजेड असतो त्यात. तुला चढवलं त्याच्या आधीच्या जिन्यावर अर्ध्यात आलो आणि तो अंधार काळा झाला. मी कठडा धरला. पहिल्यांदाच धरला. मालक बाहेर होता, कुणी पाहिलं नाही. खाली आलो आणि सांगितलं, जिना ठीक आहे."

"होता का?"

"तेच तर. माहीत नाही. मला जिना कळलाच नाही, मला फक्त मी कळत होतो." त्यांनी मांडीवरचा भुसा झटकला. "असं दुसऱ्यांदा करायचं नव्हतं. न तपासता 'ठीक आहे' म्हणायचं नव्हतं. म्हणून तुला सांगितलं, चढ."

"डॉक्टरबाईंना का नाही बोललात?"

"त्यांनी विचारलं, चढताना दम लागतो का. मी चढतच नाही. मग खोटं कुठे बोललो?"

"बाबा!"

"आणि भोवळ येऊन पडलात का म्हणाल्या. पडलो नाही. धरला कठडा."

"धन्य आहे," नेमबाज करवतीला म्हणाले. "वकील व्हायचा, चुकून सुतार झाला."

"आणि तो बाक?" धाकटीने विचारलं. "म्हाताऱ्यांसाठी ना?"

"म्हाताऱ्यांसाठीच आहे. मी काय तरुण आहे?"

तिला हसू आलं आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. भुशाने भरलेल्या हातांनी डोळे पुसायला गेली आणि ते आणखीच चुरचुरले. मिस्त्री तिच्याकडे बघत राहिले. मग जे बोलले, ते त्यांच्या तोंडून याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

"मला भीती वाटते गं. छाती करवतीने उघडतात म्हणे. मी आयुष्यभर करवत चालवलीय. तिला काय काय कळत नाही, ते मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन रुग्णालयात गेली. ज्या खोलीत ताठ मानेने 'काहीही सोडलेलं नाही' म्हणाली होती, तिथेच बसून तिने सोडलेल्या गोष्टी एकेक करून सांगितल्या. जिने. फळ्या उचलणं. शीळ. शेवटी तो मिटल्या डोळ्यांचा मानही सांगितला, आणि सांगताना बापाकडे बघायचं टाळलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "आता थांबायचं नाही," एवढंच म्हणाल्या.

करवतीचं ऐकून मात्र त्यांनी खुर्ची पुढे ओढली. छाती उघडण्याचा मार्ग आहे, पण त्यांच्या वयाला दुसरा अधिक सोयीचा. मांडीतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची. तिच्या टोकाला घडी केलेली नवी झडप. जागेवर पोचली की उघडायची.

"आणि जुनी?"

"ती काढत नाही. तिला कडेला दाबून नवी तिच्यातच बसते."

"जुन्या चौकटीत नवी चौकट," मिस्त्री म्हणाले. "जागा थोडी जाते, पण भिंत फोडावी लागत नाही. आत तर अंधार. दिसतं कसं तुम्हाला?"

"पडद्यावर सावल्या दिसतात. बाकीचं हाताला कळतं."

मिस्त्रींनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. नंतर त्या म्हणाल्या, की एवढ्या बारकाईने त्यांचा हात कुणी बघितला नव्हता.

धोकेही त्यांनी लपवले नाहीत. रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित मेंदूला झटका बसतो, काहींना नंतर पेसमेकर लागतो. काकू पदराचं टोक पिळत ऐकत होत्या. मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला. "आणि सगळं नीट झालं, तर पुढे किती?"

"झडपेचं ओझं उतरलं, की बहुतेकांना त्यांच्या वयाच्या इतर माणसांइतकं. त्याहून जास्त माझ्या हातात नाही."

"तेवढं पुरे. मला वयापेक्षा जास्त नकोच होतं. वयाइतकं हवं होतं."

झडप बसवली त्या दिवशी कारखाना बंद होता. त्यांच्या हाताखाली तो असा कधी बंद राहिला नव्हता. जाता-येता लोक खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघत होते, जणू मिस्त्री आत कुठेतरी दिसतील. आत ते जिने भिंतीला टेकून उभे. दुपारनंतर नेमबाज रुग्णालयातून चालत आले. एक डोळा मिटलेला होता, दुसऱ्यातून पाणी वाहत होतं, आणि तोंडाने ते आम्हाला शिव्या देत होते, की असे काय थोबाड पाडून उभे आहात, बसली झडप, बसली!

पहिल्या रात्री ठोके फार मंद पडले, पेसमेकर लागेल की काय असं झालं. मग ते आपोआप सावरले. तिसऱ्या दिवशी काकू त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "अहो, तुम्हाला रंग आहे की," त्या म्हणाल्या. "इतके दिवस मला वाटत होतं, तो भुशाचाच रंग आहे."

त्यानंतरचा पहिला जिना एका छोट्या वाचनालयाचा होता. त्याचं काम धाकटीने आणि नेमबाजांनी केलं, मिस्त्रींना फळी उचलायची परवानगी नव्हती. ते खुर्ची टाकून बसायचे आणि सगळ्यांना वैताग आणायचे. टप्प्यावरचा बाक काढायचा का, असं धाकटीने विचारलं, तर म्हणाले, "का? सगळ्यांची झडप बदललीय का?" बाक राहिला.

जिना झाला. वाचनालयातली दोन-चार माणसं जमली. धाकटी पायथ्यापर्यंत गेली आणि बाजूला झाली. रात्रभर तिने हे मनाशी घोकलं होतं, आवाज कापू नये म्हणून.

"बाबा, तुम्ही."

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं. चपला काढल्या. हात पाठीमागे. डोळे मिटले.

ते चढले. पूर्वीइतक्या वेगाने नाही, पण न थांबता. टप्पा आला, बाक आला, पाय बाकाला ओळखही न देता पुढे गेले. वर पोचून वळले. खाली उतरताना तर त्यांनी शीळ घातली, बेसूर, दातांतून हवा जास्त. नेमबाजांनी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. धाकटीनेही वाजवली. गेलेली वस्तू तिच्या मालकाकडे परत गेली होती. आनंदच होता तो. तिने स्वतःला तसं सांगितलं.

"काही नाही," मिस्त्री खाली येऊन म्हणाले. "लाल होता, वरपर्यंत."

"आणि जिना?"

"मला काय विचारतेस? माझं सगळं लक्ष छातीकडे होतं. मी छाती तपासली. जिना तू तपास."

ती जागची हलली नाही. "पण त्या दिवशी तुम्हाला दम लागत होता म्हणून..."

"दम मला लागत होता. पण शेजारी हा होता की नाही?" त्यांनी नेमबाजांकडे बोट केलं. "माझ्याआधी पटाशी धरलेला माणूस. त्याला का नाही म्हटलं, चढ?"

"माझा एक डोळा कायम मिटलेलाच असतो, लेका," नेमबाज म्हणाले. "मला अर्धंच काम उरलं असतं."

कुणी हसलं. धाकटी हसली नाही. तिने चपला काढल्या, डोळे मिटले आणि चढू लागली. टप्प्याच्या वर, शेवटच्या वळणाआधी, तिचा पाय थबकला. अगदी थोडा. ती एक पायरी मागे आली, पुन्हा चढली, पुन्हा थबकली. डोळे न उघडताच तिने खिशातून खडू काढला आणि वाकून पायरीवर फुली मारली. याच पायरीवरून मिस्त्री नुकतेच शीळ घालत उतरले होते.

खालून वाचनालयाचे गृहस्थ म्हणाले, "अहो राहू द्या, आम्हाला काही फरक..."

"तुमच्या पायाला कळेल," मिस्त्री म्हणाले. आणि परवानगी नसताना, धाकटी वरून ओरडत असताना, हातोडी घेऊन जिना चढायला लागले.